'रस' : वस्तूतला आणि चाखणाऱ्यातला

प्रश्न असा आहे की, फळातला द्रव, जिभेला कळणारी चव, एखाद्या विषयाची आवड आणि काव्यनाटकातून मिळणारा आनंद या चारही गोष्टींना मराठीत 'रस' हा एकच शब्द कसा चालतो, आणि लिहिताना 'चव', 'गोडी', 'रुची', 'स्वारस्य', 'लज्जत', 'मजा' हे शब्द हाताशी असताना 'रस' केव्हा निवडावा. कोशाच्या आणि संपादनाच्या कामात या शब्दाशी माझी सतत गाठ पडत आली आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

कोणताही मोठा कोश उघडला तर 'रस' या नोंदीखाली अर्थांची लांब रांग दिसते, परंतु ती रांग पाठ करून शब्द वापरता येत नाही, कारण हे अर्थ कसे जोडलेले आहेत ते रांगेतून कळत नाही. माझ्या मते या शब्दाच्या बहुतेक अर्थांच्या तळाशी दोन बाजू असतात, एक चाखली जाणारी वस्तू आणि दुसरी चाखणारा माणूस. 'रस' या दोन बाजूंच्या मध्ये उभा आहे. कधी तो वस्तूकडे झुकतो, कधी माणसाकडे, आणि मराठीत हा झुकाव बहुधा विभक्तीने आणि क्रियापदाने ठरतो. 'या आंब्यात रस नाही' असे म्हटले की दोष आंब्याचा असतो. त्याच वाक्यात 'मला' घालून 'मला आंब्यात रस नाही' असे केले की आंबा निर्दोष ठरतो आणि विधान बोलणाऱ्याच्या मनाविषयी होते. चवीचेही असेच आहे. 'भाजीला चव नाही' ही स्वयंपाकाविषयीची तक्रार झाली, तर 'तोंडाला चव नाही' हे तापातून उठलेल्या माणसाचे बोलणे झाले. दोन्ही वाक्यांत शब्द तोच आहे आणि प्रत्ययही तोच आहे, पण ज्याला तो प्रत्यय लागला आहे ते नाम बदलले आणि चव एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेली. 'उसाची गोडी' आणि 'वाचनाची गोडी' यांत तर षष्ठीसुद्धा सारखीच आहे. उसाची गोडी उसातच असते आणि वाचनाची गोडी वाचणाऱ्याला 'लागते', म्हणून तिथे फरक क्रियापदाने दाखवला जातो.

ही दुहेरी घडण मुळातलीच आहे. पाणिनीय धातुपाठात 'रस आस्वादनस्नेहनयोः' अशी नोंद आहे, म्हणजे रस् या धातूचे अर्थ चाखणे आणि स्निग्ध किंवा ओले होणे असे दोन्ही आहेत. 'रस्यते इति रसः', जो चाखला जातो तो रस, ही व्युत्पत्ती चाखणाऱ्याला गृहीत धरूनच केलेली आहे, आणि चाखण्याचे इंद्रिय ते 'रसना'. ओलावा आणि चव यांचे हे सख्य केवळ भाषेतले नाही. जिभेवर ठेवलेला कोरडा पदार्थ लाळेत विरघळू लागेपर्यंत त्याची चव कळत नाही, हे कोणालाही करून पाहता येईल. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात रसनेचा विषय तो रस, आणि त्याचे द्रव्य जल व पृथ्वी, असे सांगितले आहे. चवीचा आधार म्हणून पाण्याचे नाव तिथे आधी येते. त्यामुळे 'उसाचा रस' आणि 'मधुर रस' हे दोन वेगळे शब्द योगायोगाने एकाच रूपाचे झाले असे समजण्याचे कारण नाही.

आयुर्वेदाने चव या अर्थी 'रस' हा काटेकोर पारिभाषिक शब्द केला. रस नेमके किती, यावर चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सव्विसाव्या अध्यायात मुनींची रंगलेली चर्चा आहे. रस एकच आहे इथपासून ते असंख्य आहेत इथपर्यंत मते मांडली जातात आणि शेवटी आत्रेय सहा ही संख्या स्थिर करतात. मधुर, आम्ल, लवण, कटु, तिक्त आणि कषाय हे ते षड्रस. ही संख्या इतकी रूढ झाली की शब्दांनी आकडे सांगण्याच्या जुन्या पद्धतीत 'रस' म्हणजे सहा असे समजले जाई.

या ठिकाणी मराठी वाचकाची फार मोठी फसगत होते, आणि ती मला वारंवार दुरुस्त करावी लागते. मराठीतला 'कडू' हा शब्द 'कटु' पासून आला आहे, परंतु शास्त्रातला कटु रस म्हणजे कडू चव नव्हे. कटु म्हणजे मिरीसुंठीची तिखट चव, आणि तिक्त म्हणजे कडुनिंबाची कडू चव. 'तिक्त' हा शब्द कानाला 'तिखट' च्या जवळचा वाटतो म्हणून घोळ आणखी वाढतो, पण 'तिखट' चे मूळ 'तीक्ष्ण' मध्ये आहे. प्राकृतातून मराठीत येताना शब्दाने अर्थाची कूस बदलली आणि तत्सम रूप मात्र जुन्या अर्थाला चिकटून राहिले. 'कटू सत्य', 'कटू अनुभव' अशा प्रयोगांत आपण मराठी अर्थच घेतो आणि ते योग्यही आहे, पण आहारावरच्या किंवा औषधावरच्या लेखात 'कटु' चे भाषांतर 'कडू' असे केले तर सल्ला उलटा होतो. अशा मजकुरात तत्सम शब्दापुढे लगेच 'म्हणजे तिखट', 'म्हणजे कडू' असे स्पष्ट लिहावे.

आधुनिक शरीरशास्त्राच्या चवींशीही षड्रसांची जोडी लावण्याचा मोह टाळावा. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाच मूळ चवी आज मानल्या जातात. त्यांपैकी उमामीची वेगळी ओळख जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुने इकेदा यांनी १९०८ मध्ये करून दिली. तिखटपणा त्या शास्त्राच्या दृष्टीने चव नसून दाह आणि उष्णता जाणवून देणाऱ्या संवेदनेचा भाग आहे, आणि तुरटपणाही बव्हंशी तोंडात जाणवणारा स्पर्श मानला जातो. या दोन मोजण्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. जिभेवरच्या पेशी काय ओळखतात हा एक प्रश्न, आणि खाल्लेला पदार्थ शरीरावर कसा परिणाम करतो हा दुसरा. आयुर्वेदाचा 'रस' दुसऱ्या प्रश्नासाठी घडवलेला आहे, म्हणूनच तो विपाक (पचनानंतर होणारा परिणाम) आणि वीर्य (द्रव्याची उष्ण किंवा शीत शक्ती) यांच्या सोबतीने येतो.

वैद्यकात या शब्दाचे आणखी दोन अर्थ आहेत. सप्तधातूंतील पहिला धातू 'रस', म्हणजे पचलेल्या अन्नाचा शरीरभर फिरणारा सार अंश. आणि 'रस' म्हणजे पारा, ज्यावरून रसशास्त्र व रसौषधी हे शब्द आले. 'रसायन' हा शब्द आधी वार्धक्य लांबवणाऱ्या उपचारांसाठी होता आणि पुढे रसायनशास्त्र या अर्थाने सर्वांच्या तोंडी बसला. विज्ञानाच्या मराठीने 'जठररस', 'लाव्हारस' असे समास करून द्रव हा अर्थ जागता ठेवला आहे, आणि वितळलेल्या धातूलाही आपण 'शिशाचा रस', 'लोखंडाचा रस' म्हणतो. या शेवटच्या गटात मात्र चव पूर्णपणे गळून गेली आहे आणि केवळ ओतता येण्याचा गुण उरला आहे.

आता आनंदाकडे वळू. तैत्तिरीय उपनिषदात 'रसो वै सः' असे म्हटल्यावर लगेच, हा रस लाभल्यानेच जीव आनंदी होतो, असे सांगितले आहे. चव आणि आनंद यांची गाठ इथे उघडपणे बांधलेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हीच गाठ प्रश्नोत्तराच्या रूपात येते. रस हा काय पदार्थ आहे, असे विचारले जाते आणि उत्तर मिळते, 'आस्वाद्यत्वात्', आस्वाद घेता येतो म्हणून त्याला रस म्हणायचे. पुढे भरत सांगतो की नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न खाणारे प्रसन्न मनाचे लोक जसे रस चाखतात आणि हर्ष पावतात, तसेच अभिनयाने व्यक्त झालेले स्थायी भाव, म्हणजे मनात कायम वसणाऱ्या मूळ भावना, प्रेक्षक आस्वादतात. शृंगार, हास्य, करुण, रौद्र, वीर, भयानक, बीभत्स आणि अद्भुत असे आठ रस भरताने धरले. शांत हा नववा रस नंतरच्या परंपरेत स्थिरावला आणि काश्मीरच्या अभिनवगुप्ताने त्याचा जोरदार पुरस्कार केला. 'नवरस' हा आज सर्वांना ठाऊक असलेला शब्द त्या वाढीव संख्येचा आहे.

यानंतर शास्त्रकारांत जो वाद झाला तो मला या शब्दाच्या अभ्यासात सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो नेमका वस्तू आणि चाखणारा यांच्यामधला वाद आहे. रस असतो कुठे? भट्ट लोल्लट म्हणतो, मुख्यतः मूळ व्यक्तिरेखेत, म्हणजे प्रत्यक्ष रामात, आणि मग नटात. शंकुक म्हणतो, नटाच्या अनुकरणावरून प्रेक्षक त्याचे अनुमान करतो. भट्टनायक प्रेक्षकाच्या भोगाकडे लक्ष वेधतो, आणि अभिनवगुप्त त्याला सहृदयाच्या, म्हणजे जाणत्या रसिकाच्या, प्रत्यक्ष अनुभवात नेऊन ठेवतो. नाटक पाहून आलेला माणूस 'नाटकात रस नव्हता' म्हणेल किंवा 'मला नाटकात रस वाटला नाही' म्हणेल, आणि या दोन साध्या वाक्यांत लोल्लट आणि अभिनवगुप्त यांच्यातले अंतर सामावलेले आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

मराठीपुरते बोलायचे तर या प्रश्नाला सर्वांत सुंदर रूप ज्ञानेश्वरीने दिले आहे. इ. स. १२९० मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात मराठी बोलाची अमृताशी पैज लावताना ज्ञानेश्वर 'ऐसीं अक्षरें रसिकें मेळवीन' असे म्हणतात. येथे 'रसिक' हे विशेषण अक्षरांचे आहे, श्रोत्यांचे नाही, ही गोष्ट आजच्या वाचकाच्या नजरेतून सहज सुटते. रसिक अक्षरे म्हणजे रसाने भरलेली अक्षरे. लगेच पुढे ते सांगतात की या रसाळपणाच्या लोभाने 'श्रवणींचि होति जिभा', कानांनाच जिभा फुटतात, आणि शब्द हा खरा कानाचा विषय असताना 'रसना म्हणे हा रसु आमुचा'. इंद्रियांत भांडण लागते. चव आणि वाणीचा आनंद हे दोन अर्थ वेगळे ठेवून इथे नुसते रूपक केलेले नाही. एकच शब्द दोन्ही इंद्रियांच्या मालकीचा आहे, हे ओळखून त्या मालकीचा तंटाच ओवीत उभा केला आहे.

आज 'रसिक' म्हटले की डोळ्यांसमोर माणूस येतो. रसाळ भाषण, रसाळ फळ असे आपण वस्तूविषयी म्हणतो आणि रसिक श्रोता, रसिक वाचक असे माणसाविषयी, म्हणजे दोन प्रत्ययांनी कामाची वाटणी करून घेतली आहे. तसाच प्रवास 'स्वारस्य' या शब्दाने आपल्या काळात केला. जुन्या वळणाच्या लेखनात स्वारस्य हे वस्तूचे असे. 'या श्लोकाचे स्वारस्य दुसऱ्या चरणात आहे' म्हणजे त्याची खुबी, त्याचे मर्म तिथे आहे. आता शासकीय सूचनांत आणि वर्तमानपत्रांत 'स्वारस्य असणाऱ्यांनी अर्ज करावा' असे सर्रास लिहिले जाते आणि स्वारस्य माणसाकडे आलेले दिसते. हा बदल चुकीचा म्हणून खोडावा असे मला वाटत नाही, कारण तो 'रस' आणि 'रसिक' यांच्याच वाटेने झाला आहे. जुना अर्थ मात्र जपला पाहिजे, कारण रचनेचे मर्म सांगणारा तितका नेमका दुसरा शब्द आपल्याकडे नाही.

'मला या विषयात रस आहे' हा प्रयोग इंग्रजीची सावली आहे, असा आक्षेप अनेकदा घेतला जातो. त्याची वारंवारता इंग्रजीच्या संगतीने वाढली असेल, पण अर्थ परका नाही. गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील एकोणसाठाव्या श्लोकात, निराहारी माणसाचे विषय सुटतात पण 'रसवर्जं', रस सुटत नाही, असे म्हटले आहे. तिथे रस म्हणजे माणसाच्या आत उरलेली गोडी, ओढ. इतका जुना आधार असलेल्या अर्थाला परका म्हणणे अन्यायाचे होईल. आक्षेप घ्यायचा तो वेगळ्या ठिकाणी. 'कंपनीला या जागेत रस आहे' यापेक्षा 'कंपनी ही जागा घेण्यास इच्छुक आहे' हे स्पष्ट असते. 'या निर्णयात त्यांचा वैयक्तिक रस आहे' असे लिहून लेखकाला लाभाचा संशय सुचवायचा असेल तर 'हितसंबंध' हाच शब्द हवा, कारण रसात लाभाचा हिशेब नसतो. 'रस असणे' ही स्थिती आहे आणि 'रस घेणे' ही कृती आहे, हेही लक्षात ठेवावे. शेजाऱ्यांच्या भांडणात 'रस असणे' आणि 'रस घेणे' यांत बराच फरक पडतो.

'रुची' ची गोष्ट थोडक्यात सांगता येते. रुच् म्हणजे चमकणे आणि आवडणे, त्यामुळे रुचीत पसंतीचा भाग आहे. अन्नाची इच्छा नाहीशी होणे ही वैद्यकातली 'अरुची', आणि संस्कारांनी घडलेली पसंती ती 'अभिरुची'. एखाद्याला संगीतात रस असतो पण अभिरुची नसते, असे म्हणता येते. सुटे लिहिताना 'रुची' दीर्घ आणि समासात 'रुचिपालट', 'अभिरुचिसंपन्न' असे ऱ्हस्व लिहावे.

'मजा' आणि 'लज्जत' यांची जोडी मला फार आवडते, कारण मराठीत येताना त्यांनी एकमेकींशी जागा बदलल्यासारखे झाले आहे. 'मजा' हा शब्द फारसी, आणि तिथे त्याचा मूळ अर्थ चव. मराठीत चव जवळपास विरून गेली आणि आनंद, गंमत उरली. 'यंदा आंब्यात मजा नाही' अशा एखाद्या वाक्यात जुन्या अर्थाचा मागमूस लागतो, एवढेच. 'लज्जत' अरबी, आणि तिथे तो प्रामुख्याने सुखाचा, आनंदाचा शब्द. मराठीत तो खाण्यापिण्याच्या चवीला जाऊन चिकटला आणि 'लज्जतदार' झाला. हिंदीच्या प्रभावाने हल्ली 'मजा आला' असे ऐकू येते, पण मराठीत मजा स्त्रीलिंगी आहे आणि ती 'येते', 'वाटते', 'केली जाते'. 'तुझी मजाच बघतो' मध्ये तर ती धमकी होते, जे रसाच्या बाबतीत कधीही शक्य नाही.

मजा आणि रस यांतला खरा फरक करुणाच्या कसोटीवर कळतो. शोकान्त नाटक पाहून डोळे भरून आलेला प्रेक्षक 'मजा आली' म्हणणार नाही आणि म्हटले तर ते विसंगत वाटेल. तेच नाटक मात्र रसपूर्ण असू शकते, त्यात करुण रसाचा परिपोष झाला असे म्हणता येते, आणि संस्कृत नाटककार भवभूतीने तर करुण हाच एक रस आहे असे आपल्या पात्राकडून वदवले आहे. रसात सुखाची अट नाही, आस्वादाची आहे. म्हणून ज्या अनुभवात दुःख, भय किंवा किळस आहे आणि तरीही मन तिथून हलत नाही, त्याला 'रस' हाच शब्द पेलतो.

शेवटी साधित शब्दांविषयी. निः + रस या संधीत विसर्ग लोपून आधीचा स्वर दीर्घ होतो, म्हणून 'नीरस' लिहावे. 'नीरोग', 'नीरव' यांचाही नियम तोच, आणि 'निरस' हे रूप कितीही दिसले तरी अशुद्ध आहे. 'नीरस' वस्तूला लागतो, तर 'विरस' माणसाचा होतो: व्याख्यान नीरस झाले आणि श्रोत्यांचा विरस झाला. 'रसभंग' हा त्या दोघांहून वेगळा, कारण आस्वाद चालू असताना मध्येच तो तुटला तरच रसभंग म्हणावे. सुरुवातीपासून कंटाळवाण्या कार्यक्रमात रसभंग होऊ शकत नाही. 'सरस' चा मूळ अर्थ रसयुक्त असला तरी मराठीत तो तुलनेचा शब्द झाला आहे आणि 'एकापेक्षा एक सरस' मध्ये रसाची आठवण कोणालाही होत नाही, म्हणून रसाने भरलेले असे म्हणायचे असेल तर 'रसपूर्ण' किंवा 'रसाळ' वापरावे. 'रसातळाला जाणे' मधला 'रसा' म्हणजे पृथ्वी, आणि सैन्याची 'रसद' फारसीतून आलेली आहे. या दोहोंना चवीच्या किंवा आनंदाच्या रसाशी जोडून व्युत्पत्ती सांगू नये.